ऊसतोडीला गेलेले 19 कान

बाळा,

तुझा मेसेज वाचला. थेसिसला टिंपॅनोप्लास्टी, म्हणजे कानाच्या फाटक्या पडद्याला ठिगळ लावायचं ऑपरेशन, घेऊ का, पडद्याला टेम्पोरॅलिस फेशिया (कानशिलाच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा) बरा की ट्रॅगसची कार्टिलेज (कानाच्या भोकापुढची कूर्चा), असं विचारतोयस. घे की. जुना विषय म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे, आपल्या खान्देशात "कान वाहस डॉक्टर" म्हणत येणारे काही कमी नाहीत, पेशंट शोधत फिरावं लागणार नाही. घोळ होतो तो पेशंट परत यायचा.

माझंच सांगतो. पीजीला असताना 60 कान केले, बरेचसे सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, ठरवली तीन महिन्यांनी. दिवाळी झाली अन् नंदुरबारकडचे कितीतरी जण पोराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला निघून गेले, मी बसलो फाईली चाळत. परत आले 41, त्यातल्या 38 जणांचा पडदा बसलेला. मी खुशाल लिहिलं, यश 93 टक्के! व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी फाईल मिटली अन् एवढंच विचारलं, बाकीचे 19 कुठायत? ते सगळे फेल धरले तर 63 टक्के, सगळे पास धरले तर 95, आता ह्यातलं खरं काय ते मी कुठून सांगणार, घाम फुटला नुसता.

बरं न येणारा माणूस कान बिघडला म्हणूनच येत नाही असंही नाही. त्या 19 मधला शहाद्याकडचा एकजण पुढं काही वर्षांनी नातवाला घेऊन आला, सहज त्याचा कान बघितला तर पडदा शाबूत. म्हटलं तेव्हा का नाही आला? तर म्हणे, दुखतच नव्हतं ना साहेब, कशाला येऊ.

म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे थेसिसचा आराखडा, लिहितानाच कॅलेंडर घेऊन बस. सातपुड्यातला माणूस होळीला घरी येतोच, इकडचे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतात, तर फॉलोअपची तारीख त्या हिशोबाने सहा महिन्यांची धर आणि सगळ्यांना तीच लाव. फोन नंबर दोन घे, एक त्याचा अन् एक गावातल्या कोणाचा तरी. एसटीचं भाडं द्यायचं असेल तर ते आधीच एथिक्स कमिटीच्या कागदात टाक. संमती समजेल त्या भाषेत, अहिराणी, भिली, पावरी, जी असेल ती, अंगठा असेल तर सोबत बाहेरचा साक्षीदार पाहिजे. आणि सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर पहिल्या पेशंटच्या आधी, 1 एप्रिल 2018 पासून नंतरचं रजिस्ट्रेशन ते घेतच नाहीत.

रँडमायझेशनचं पाकीट (फेशिया की कार्टिलेज ते ठरवणाऱ्या चिठ्ठीचं) ऑपरेशन थिएटरातच उघड हं, वॉर्डात नको. मोठं भोक दिसलं की हात आपोआप कार्टिलेजकडे जातो, माझाही जायचा. ऑडिओमेट्री आधीची अन् नंतरची एकाच मशीनवर, एकाच खोलीत, 500, 1000, 2000, 4000 हर्ट्झ. "कोरडा कान" म्हंजे किती आठवडे कोरडा ते आत्ताच लिहून ठेव, नंतर प्रत्येकाचा कोरडा वेगळा निघतो.

ड्राफ्ट झाला की पाठव. रिझल्टचं कोरं टेबलसुद्धा पाठव, त्यात "आले नाहीत" चा रकाना दिसला पाहिजे मला.