उलंगवाडीनंतरचे बारा आठवडे

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

यंदा काय काय करायचं त्याची तुझी यादी वाचली. पोलीस भरती, इंग्रजी बोलणं, टायपिंग, पदवीचा प्रवेश, आईला शिलाई मशीन, वावरात ठिबक, वजन, पहाटे उठणं, मोबाईल कमी करणं. नऊ गोष्टी आहेत आणि एकही वाईट नाही. पण सरकी टोबताना एका जागी नऊ बिया टाकल्या तर सगळ्या उगवतात आणि सगळ्याच रोडावतात. विरळणी करावीच लागते.

विरळणी करताना एवढंच बघ, की कोणतं काम झालं तर बाकीची आपोआप हलकी होतील. तुझ्या यादीत ते भरतीचं आहे. त्यात पहाटे उठणं आलं, वजन आलं, मोबाईल बाजूला ठेवणं आलं. मशीन आणि ठिबक पगारातून होतात. इंग्रजी, टायपिंग आणि पदवी एका वेगळ्या कागदावर लिहून तो कागद दिवाळीपर्यंत पेटीत ठेव. फाडू नकोस.

आता आधी पात्रता तपास. बारावी तू झालीसच. पोलीस शिपाई पदासाठी मुलींना साधारण १५५ सेंटिमीटर उंची लागते. अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभी राहा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धर आणि भिंतीवर खूण करून टेपने मोज. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मोज, कारण दिवसभर उभं राहून, ओझं वाहून संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते. वयाची अट आणि सवलती जाहिरातीत असतात, त्या तिथूनच वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण पुष्कळ जण ते वर्षभर धावल्यावर करतात.

मग ध्येय लिही. ‘मला पोलीस व्हायचं आहे’ असं लिहू नकोस. जागा किती निघतील, कट-ऑफ किती लागेल, यातलं काही तुझ्या हातात नाही. सोयाबीनचंही असंच असतं. एकरी किती क्विंटल होईल ते पाऊस ठरवतो, पण पेरणीआधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची का नाही, ते आपण ठरवतो. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं, कमी उगवले तर त्या हिशेबाने जास्त. ध्येय हे गोणपाटासारखं असावं, घरात बसून आपल्या हाताने करता येईल असं.

तुझ्या बाबतीत हातातलं काम दोन आकड्यांत येतं. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५ आणि चार किलोच्या गोळाफेकीला १५ गुण. त्यात निम्मे मिळाले तरच पुढे जाता येतं. लेखी १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. नियम बदलू शकतात, म्हणून नवी जाहिरात आली की हे आकडे पुन्हा ताडून बघ.

आता एक आठवडा काहीच सुरू करू नको. हे ऐकून तुला चैन पडणार नाही, पण हा आठवडा वाया जात नाही. शाळेच्या जुन्या वहीत रोज लिही: किती वाजता उठली, पाणी भरायला किती वेळ गेला, स्वयंपाक, गोठा, वावर, मोबाईल, झोप. सातव्या दिवशी बेरीज कर. बहुतेक घरांत दिवसाला तासभर, फार तर सव्वा तास मोकळा निघतो आणि तोही दोन तुकड्यांत. तुझी योजना तेवढ्याच वेळाची हवी. चार तासांचं टाइमटेबल भिंतीवर सुंदर दिसतं आणि पाचव्या दिवशी मोडतं, कारण ते वेळ मोजून केलेलं नसतं.

त्याच आठवड्यात सुरुवातीचा आकडा काढ. पांदण रस्त्यावर टेपने २०० मीटर मोज आणि दोन्ही टोकांना चुन्याची खूण कर. नायलॉनच्या दोरीने मोजू नकोस, ती ताणते. मोबाईलचं अंतर मोजणारं ॲपही एवढ्या थोड्या अंतरात चुकतं. जाऊन-येऊन दोन फेऱ्या म्हणजे ८०० मीटर. खुणेवर वळताना वेग तुटतो, म्हणून इथली वेळ मैदानापेक्षा थोडी जास्त येईल. चालेल, आपल्याला तुलना आपल्याशीच करायची आहे. पूर्ण २० गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद लागतात. समज, तुझी वेळ ३:५० आली. तर बारा आठवड्यांचं ध्येय ३:२० ठेव. पहिले वीस सेकंद लवकर कमी होतात, शेवटचे वीस फार कष्टाने. २:५० पुढच्या हिवाळ्यासाठी राहू दे.

बारा आठवडेच का, तर उलंगवाडी झाली आहे, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली आहे, हरभरा निघतो आहे आणि मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागतो. मधला काळ तुझा. आठवड्यातून चार दिवस धाव, तीन दिवस विश्रांती. पहिले दोन आठवडे वीस मिनिटं सावकाश, दम लागला तर चाल. तिसऱ्यापासून एका दिवशी २०० मीटर जोरात सहा वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं चालणं. एकूण अंतर आठवड्याला दहाव्या हिश्श्याहून जास्त वाढवू नकोस. नडगीच्या हाडावर बोट दाबून दुखलं तर तीन दिवस थांब, आणि सिमेंट रोड सोडून मातीवर धाव. एप्रिल-मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत घरी पोहोच. आपल्याकडचं ऊन पंचेचाळिसाला टेकतं, त्यात दम दाखवणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं. अंधारात एकटी जाऊ नकोस, एखादी मैत्रीण किंवा धाकटा भाऊ सायकलवर बरोबर घे.

लेखीसाठी आठवड्यातून पाच दिवस जुन्या प्रश्नपत्रिकेतले २५ प्रश्न, घड्याळ लावून साडेबावीस मिनिटांत. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत, आणि चूक कशामुळे तेही दोन शब्दांत: ‘सूत्र विसरले’, ‘घाई’, ‘वाचलंच नाही’. बारा आठवड्यांत दीड हजार प्रश्न होतात. पण खरी कमाई ती चुकांची वही आहे. जाडजूड पुस्तकं, बूट, क्लासची फी यावर पहिल्या महिन्यात खर्च करू नको. खरेदी केली की काम सुरू झाल्यासारखं वाटतं आणि हात तिथेच थांबतात.

आता मोडण्याचं बोलू, कारण ते होणारच. २१ दिवसांत सवय लागते असं तू लिहिलंस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा २०१० साली छापलेला अभ्यास आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर तुझ्यात खोट आहे असं समजू नकोस. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरू नकोस, तिथेच पाय दुखावतात आणि मन उडतं. फक्त सलग दोन दिवस चुकू देऊ नको.

अडचणी आधीच लिहून त्यांची उत्तरंही लिहून ठेव, ‘असं झालं तर हे करीन’ अशा वाक्यात. लग्नाला मुक्कामी गेली तर प्रश्नांचे दोन कागद पिशवीत. आईला ताप आला आणि चूल माझ्यावर आली तर फक्त दहा प्रश्न, झोपण्याआधी. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत धावणं जड जात असेल तर ते दिवस आधीपासून चालण्याचे धर, म्हणजे चुकल्याची रुखरुख राहणार नाही. ऐन वेळी ठरवायला गेलीस की थकलेलं शरीरच निर्णय घेतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करू नकोस, आकडा लिही. १८ बरोबर, ७ चूक. ३:४२. दर दुसऱ्या रविवारी ८०० मीटरची वेळ घे. दोनदा लागोपाठ वेळ तिथेच अडली तर आधी झोप आणि खाणं बघ: सहा तासांपेक्षा कमी झोप, रिकाम्या पोटी काम. मूठभर फुटाणे आणि गूळ, रात्री वरण किंवा उसळ पोटभर, एवढं तरी हवं. फार दम लागतो, चक्कर येते असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घे. पुष्कळ मुलींचं तिथेच अडलेलं असतं आणि त्या स्वतःला आळशी समजत राहतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि जून. इथे बहुतेकांचं ध्येय मरतं. पेरणी, मग निंदण, डवरणी, रोज सकाळी आठ ते संध्याकाळ वाकून. काळ्या मातीत पांदण चिखलाने भरते, बुटाला दोन-दोन किलो गाळ चिकटतो. त्या दिवसांत बारा आठवड्यांचं वेळापत्रक चालवायला गेलीस तर आठवडाभरात सुटेल, आणि सुटलं की दिवाळीपर्यंत सुटलेलंच राहतं. म्हणून मृगापासून पोळ्यापर्यंत राखणीचं माप वेगळं ठरव: आठवड्यातून दोन दिवस डांबरी रस्त्यावर धावणं, रोज दहा प्रश्न, बस. वेळ सुधारायची नाही, धरून ठेवायची. पोळ्यानंतर सोयाबीन सोंगायला येईपर्यंत तीन-चार आठवडे जरा वाढव, वेचणीत पुन्हा कमी कर. ही माघार नव्हे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीने बारमाही एकाच मापाने चालायचं असा नियम कुणी केलेला नाही.

सगळ्या गावाला सांगत बसू नको. एकाच माणसाला सांग, जो दर दुसऱ्या रविवारी न चुकता ‘किती आली वेळ?’ एवढंच विचारेल. आई चालेल.

पुढच्या पत्रात लांबलचक लिहू नकोस. मला तीन आकडे पाठव: सकाळची उंची, ८०० मीटरची वेळ आणि सात दिवसांच्या वहीतून निघालेली रोजची मोकळी मिनिटं. त्यावरून पहिल्या दोन आठवड्यांचं माप आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका