उत्तर: "रुटर वापरते त्या कंपनीची बंदूक मिळतेय, घेऊ का?"

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेपर्यंत डोक्यातून गेली नाही. तुम्ही लिहिलंय की लेस्टरशायरला राहता, बंदूक बाळगण्याचं पोलिसांचं सर्टिफिकेट येऊन तीन आठवडे झालेत, उंची पाच फूट दोन, शनिवारी क्लबात डाउन द लाइन आणि महिन्यातून एखाद्या रविवारी स्पोर्टिंग (दोन्ही उडत्या तबकड्या छर्र्यांनी फोडण्याचे प्रकार). २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश नेमबाज अंबर रुटरचं स्कीट (तबकड्यांचाच आणखी एक प्रकार) पाहिलंत, तेव्हापासून तिच्याच कंपनीची स्कीटची बंदूक मनात भरलीय. आता एका दुकानात तशी वापरलेली मिळतेय आणि दुकानदाराने दोनशे पौंड घेऊन या शनिवारपर्यंत राखून ठेवलीय. मी हेच सगळं २०१३ साली केलं, फक्त नेमबाज वेगळा होता. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी सांगतो, मी प्रशिक्षक नाही, बंदुकांचा कारागीरही नाही. दर रविवारी मैदानावर जाणारा साधा माणूस आहे. कायद्याबद्दल जे लिहितोय ते इंग्लंडपुरतं आणि माझ्या अनुभवापुरतं. तुमच्या पोलीस दलाचे नियम तुम्ही स्वतः वाचा. बंदुकीचं कपाट, विमा, कानाला काय लावायचं, कुठला डोळा प्रबळ आहे हे सगळं तुम्ही पाहिलं असणारच, त्यात शिरत नाही.

२००४ मध्ये मी सांगलीला होस्टेलवर होतो. अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड डबल ट्रॅपचं (एकदम दोन तबकड्या सोडतात तो प्रकार) रौप्य घेऊन गेले ते आम्ही मेसच्या टीव्हीवर पाहिलं. सुवर्ण गेलं दुबईच्या शेख अहमद अल मक्तूम यांच्याकडे. पुढे नोकरीसाठी इकडे आलो आणि २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या नेमबाजीचं, म्हणजे वुलिचचं, तिकीट मिळालं. २ ऑगस्टला तिथे ब्रिटनच्या पीटर विल्सनने डबल ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं आणि त्याचे प्रशिक्षक कोण, तर तेच शेख मक्तूम! अथेन्सचा तो धागा आठ वर्षांनी माझ्या डोळ्यांसमोर येऊन जुळला होता. शेवटच्या जोडीनंतर तो गुडघ्यांवर बसला आणि आजूबाजूचे सगळे उभे राहिले. त्या दिवशी ट्रेनमध्येच ठरवलं की हा खेळ खेळायचा आणि बंदूक घ्यायची तर विल्सनची होती त्याच कंपनीची.

या भावनेला मी आजही नावं ठेवणार नाही. कुणाला तरी पाहूनच आपण मैदानावर येतो. आणि मोठ्या नेमबाजांचा बंदुकांवर खरोखर प्रभाव असतो, ती नुसती जाहिरातबाजी नाही. १९६४ च्या टोकियोत एन्नियो मात्तारेल्लीने डानिएले पेराझ्झी या बंदूक बनवणाऱ्याच्या बंदुकीने ट्रॅपचं (एकेक तबकडी समोर लांब पळत जाते तो प्रकार) सुवर्ण घेतलं, आणि १९६८ च्या मेक्सिकोसाठी जी बंदूक तयार झाली तिच्या एमएक्स ८ या नावात ते ऑलिंपिकच आहे. तिच्या चापाची सगळी यंत्रणा हाताने काढून दुसरी बसवता येते, स्प्रिंग तुटली तरी स्पर्धा बुडत नाही. अशा गोष्टी स्पर्धेत उतरणाऱ्या माणसांच्या गरजेतून येतात.

पण विल्सनची उंची सहा फूट सहा इंच. माझी पाच फूट पाच. हे मला दुकानात सुचलं नाही.

दुकानात होती ती वापरलेली ट्रॅपची बंदूक, ३२ इंची नळ्या, उंच रिब (नळीवरची पट्टी), वजन साडेआठ पौंडांच्या वर. चापापासून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, टोकापर्यंत साडेपंधरा इंच. आधीचा मालक उंच असणार. ३२०० पौंड. मी खांद्याला लावली तर दस्ता दंडाकडे सरकत होता आणि मान पुढे ताणावी लागत होती. दुकानदार म्हणाला, "सवय होते." मी एकही काडतूस न उडवता पैसे दिले.

सवय झाली नाही. गालाच्या हाडावर दर रविवारी निळा डाग, सोमवारी ऑफिसात लोक विचारायचे. डाउन द लाइनला बरं चाललं होतं, कारण तिथे तबकडी समोरून वर चढत जाते आणि ट्रॅपची बंदूक मुद्दाम नेमाच्या थोडी वर मारते. पण स्पोर्टिंगला गेलो की हाल. खाली पडणारी तबकडी, जमिनीवरून उड्या मारत जाणारी रॅबिट, सगळ्या तबकड्यांच्या वरून छर्रे. दहा रॅबिटमध्ये एक फुटायची. मी समजायचो की मलाच जमत नाही.

आता माझी खरी चूक. महाग बंदूक घेणं ही ती नव्हे, ती विकता आली असती. दुसऱ्या एका दुकानात मी दस्ता कापून घेतला. त्यांनी मला एकदा उभं केलं, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, "सव्वा इंच काढू" म्हणाले, आणि दुपारच्या आत करवतीने सरळ काप घेऊन टोकाला नवीन रबर बसवून दिलं. १८० पौंड. वाटलं, सुटलो.

त्यानंतर स्पोर्टिंगचे गुण आणखी घसरले. का, ते कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ज्या काठावर गाल टेकतो, ज्याला कोम म्हणतात, तो बऱ्याच दस्त्यांवर मागे टाचेकडे (दस्त्याच्या मागच्या वरच्या टोकाकडे) उतरता असतो. दस्ता आखूड केला की गाल पुढे सरकतो, म्हणजे काठाच्या उंच भागावर येतो. गाल वर म्हणजे डोळा वर, आणि डोळा वर म्हणजे छर्रे वर. आधीच वर मारणारी बंदूक मी पैसे देऊन आणखी वर मारायला लावली होती. शिवाय मागचं लाकूड गेल्याने तोल नळ्यांकडे गेला, आणि काप सरळ घेतल्याने रबराचं खालचं टोक छातीत रुतायला लागलं. कापलेलं लाकूड परत उगवत नाही. विकायला काढली तेव्हा प्रत्येकाने पहिल्यांदा टेप लावला आणि मान हलवली. शेवटी १९०० ला गेली.

हे कोडं उलगडलं आमच्या मैदानावरच्या एका म्हाताऱ्या फिटरने, म्हणजे बंदूक अंगाच्या मापाला बसवून देणाऱ्याने. तो मला पॅटर्न प्लेटसमोर घेऊन गेला. लोखंडी पत्रा, त्यावर पांढरा रंग, मध्ये मुठीएवढा काळा ठिपका. १६ यार्डांवर उभं केलं आणि म्हणाला, "नेम धरू नकोस. डोळे मिट, खांद्याला लाव, डोळे उघड आणि ठिपक्याकडे बघत उडव." असे पाच बार. मग आम्ही दोघं पत्र्याजवळ गेलो. ठिपका जवळजवळ कोरा होता आणि करड्या डागांचा गोळा त्याच्यावर टीचभर. त्याने टीचभर अंतर बोटांनी मोजून दाखवलं. त्याचा हिशेब असा की दस्त्यावर इंचाचा सोळावा भाग हलवला तर १६ यार्डांवर एक इंच फरक पडतो. मग ब्रशने पत्रा पुन्हा पांढरा केला आणि स्वतःची चाचणीची बंदूक माझ्या हातात दिली, जिचा दस्ता सगळ्या बाजूंनी हलतो. चावीने काठ खाली घेतला, लांबी बदलली, पुन्हा पाच बार, आणि गोळा ठिपक्यावर. वर्षभर मी स्वतःला दोष देत होतो आणि दोष होता लाकडात.

म्हणून माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. चॅम्पियनच्या हातातल्या बंदुकीतलं आपल्याला दुकानात मिळतं ते लोखंड. लाकूड मिळत नाही. ते तिच्या मानेच्या, खांद्याच्या, गालाच्या मापाने घडवलेलं असतं, आणि तिने ती बंदूक हजारो काडतुसं उडवून अंगवळणी पाडलेली असते. किम रोडचं उदाहरण घ्या. सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी अमेरिकन नेमबाज. सुमारे १८ वर्षं वापरलेली तिची पेराझ्झी २००८ मध्ये बीजिंगनंतर तिच्या गाडीतून चोरीला गेली. चाहत्यांनी पैसे जमवून तिला नवीन पेराझ्झी मिळवून दिली, पुढे जुनीही सापडली. तेच नाव, तेच मॉडेल मीही विकत घेऊ शकतो. ती १८ वर्षं कुठल्या दुकानात मिळतील?

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, खेळाच्या प्रकाराची. रुटर ऑलिंपिक स्कीट खेळते. तिथे तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी, जॅकेटवर आखलेल्या खुणेपाशी ठेवावा लागतो आणि मग तो एका झटक्यात खांद्याला यावा लागतो. म्हणून स्कीटवाले दस्ता थोडा आखूड ठेवतात, रबर गोलसर आणि गुळगुळीत, आणि तबकडी जवळून जाते म्हणून चोक (नळीच्या तोंडाचा अरुंदपणा, जो छर्रे एकवटून ठेवतो) उघडे. डाउन द लाइनला तुम्ही आधीच बंदूक खांद्याला लावून "पुल" (तबकडी सोडा) म्हणणार आणि तबकडी लांब पळत जाणार. उघड्या चोकने छर्रे तिथे पोहोचेपर्यंत विरळ होतात. त्या बंदुकीचे चोक बदलता येतात की नळीतच पक्के आहेत, हे तुमच्या पोस्टमध्ये नाही. पक्के असतील तर माझ्या मते विषय तिथेच संपतो.

पॅरिसला शूटऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या फेरीत) रुटरची एक तबकडी चुकली असं ठरवलं, तो अन्याय झाला असं मलाही वाटतं. बाळ तीन महिन्यांचं, टीव्हीवर तबकडीचा तुकडा उडालेला दिसतोय, आणि व्हिडिओ पाहून निर्णय बदलण्याची सोय तिथे नव्हती. मला त्या रात्री खूप वाईट वाटलं होतं, तेव्हा तुम्हाला तिची बंदूक हवीशी वाटणं मी पूर्ण समजू शकतो.

तुमच्या उंचीबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण माझी बायको तुमच्याएवढीच आहे आणि चार वर्षं खेळतेय. तिला रबराचं खालचं टोक छातीवर टोचायचं. फिटरने टोक थोडं बाहेरच्या बाजूला फिरवलं आणि त्रास गेला. मान लांब असेल तर मोंटे कार्लो पद्धतीचा दस्ता विचारून पाहा, त्यात काठ उंच राहतो आणि टाच खाली येते. आणि सुरुवातीला २८ ग्रॅम छर्र्यांची काडतुसं वापरू नका. २१ ग्रॅमनेही तबकडी फुटते, खांदा शाबूत राहतो. वॅड (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्या मधला बोळा) कागदी-फायबरचं लागतं का ते मैदानाला आधी विचारा, बरीच मैदानं प्लास्टिक चालू देत नाहीत.

आता कागदपत्रांबद्दल, कारण यानेही मला जेरीस आणलं होतं. बंदूक विकली की सात दिवसांत पोलिसांच्या परवाना विभागाला कळवावं लागतं. मी तिसऱ्याच दिवशी रजिस्टर्ड टपालाने पत्र पाठवलं. २०१८ ला नूतनीकरणासाठी अधिकारी घरी आले, कपाट उघडायला सांगितलं आणि विचारलं, "दुसरी कुठे आहे?" त्यांच्या नोंदीत ती विकलेली बंदूक अजून माझ्याच नावावर होती. पुढचे चार महिने मी फोन करत होतो. प्रत्येक वेळी नवीन आवाज, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, एकदा तर "असं पत्र येत नसतं" असं उत्तर. घेणाऱ्या दुकानाच्या नोंदवहीतली तारीख आणि टपालाची पावती या दोन कागदांनी मला वाचवलं. गुन्हा न करता गुन्हेगारासारखं वागवलं जाणं फार लागतं, आज लिहितानाही राग येतोय. तुम्ही ईमेल करा, पावती छापून सर्टिफिकेटच्याच पाकिटात ठेवा. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या सर्टिफिकेटची फी १९४ पौंड झालीय, ते तुम्ही भरलेच असतील. तेवढ्या पैशांत नोंदी तरी नीट ठेवाव्यात.

मी आता काय वापरतो असं कुणी तरी विचारेलच. मिरोकू कंपनीची वापरलेली बंदूक, स्पोर्टिंगची, ३० इंची, काठ चावीने वर-खाली होणारा, १४०० पौंडांना. सात वर्षं झाली. याचा अर्थ तुम्हीही मिरोकूच घ्या असा अजिबात नाही, तुमच्या गालाला ती लागेलच असं नाही.

शनिवारचं सांगतो. दुकानाला उद्याच फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: दस्त्याची लांबी किती, चोक बदलता येतात का, आणि मैदानावर नेऊन पन्नास तबकड्या उडवून बघू देतील का. बघू देत असतील तर आधी पॅटर्न प्लेटवर पाच बार करा आणि फोटो काढून इथे टाका, मी आणि इथले बाकीचे पाहून सांगू. दस्ता लांब असेल आणि ते म्हणाले "कापून देऊ", तर दोनशे पौंडांचं काय होईल ते होवो, हो म्हणू नका. तुम्ही लेस्टरपासून तासभर गाडी चालवायला तयार असाल तर आमच्या त्या फिटरचं मैदान मी निरोपातून कळवतो. तो फक्त गुरुवारी असतो आणि आधी वेळ घ्यावी लागते.