लव्हाळा, हरळी आणि पांढरं पडलेलं रान: परसातल्या भाजीसाठी सल्ला

शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "घरामागं दोन गुंठ्यांत मेथी, वांगी, मिरची करतो. भांगलून आठ दिवस होत नाहीत तोवर लव्हाळा पुन्हा वर. रान चिकट आहे, पाणी मुरत नाही, वाळलं की पांढरं पडतं. जिप्सम टाकू का?"

ताई, जिप्समचं पोतं आणायच्या आधी माती तपासून घ्या. पांढरी पावडर दिसली की रान क्षारपड झाल्याची शंका घ्यावी. तिथं पाण्याचा निचरा होऊन क्षार धुऊन जाणं हाच इलाज. नुसत्या जिप्समनं काही होत नाही. पाणी मुरत नाही, ढेकूळ दगडासारखं होतं, हे चोपण जमिनीचं लक्षण. चोपणात सोडियम जास्त असतो आणि जिप्सम लागतं ते तिथं. तुम्ही दोन्ही लक्षणं सांगता, म्हणून सामू (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा), क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेला सोडियम) तिन्ही तपासा. बांध, उकिरडा आणि झाडाची सावली सोडून चार-पाच ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, कडेची माती खरवडून एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेला द्या. तोवर वाफ्यांच्या कडेनं उताराकडे चर काढा आणि पाणी बेतानं द्या.

आता लव्हाळा. पात उपटली तरी जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि पुन्हा फुटतात. म्हणून खुरप्यानं तो कधीच संपत नाही. रोटाव्हेटर तर मुळीच नको: हरळीच्या काड्यांचे तुकडे होऊन सगळ्या रानात पसरतात. एप्रिल-मे महिन्यात रान कोरडं ठेवून कुदळीनं खोल खणा, हरळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून बाहेर काढा, बाकी ढेकळं उन्हात तापू द्या. वाळलेली गाठ फुटत नाही. हे एका उन्हाळ्यात संपणारं काम नाही, पण दुसऱ्या वर्षी भांगलण नक्की हलकी होते.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाला एका गुंठ्यात अर्धा किलो धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, दाट पेरा. चोपणातही तो चांगला येतो. दीड महिन्यानं, फुलं दिसायला लागली की, कापून मातीत गाडा. दुसऱ्या गुंठ्यात भाजी चालू ठेवा, म्हणजे घरचं अडणार नाही. पुढच्या वर्षी अदलाबदल करा.

आपल्याकडं उसाचा पाला मुबलक आहे, आणि तो अजूनही पेटवला जातो याचं मला फार वाईट वाटतं. वांगी-मिरचीच्या ओळींमध्ये तीन-चार बोटं जाड अंथरा, रोपाच्या बुडाला मात्र लावू नका. कच्चा पाला मातीत मिसळू नका. कुजताना तो नत्र ओढतो आणि पीक पिवळं पडतं. मिसळायचाच असेल तर कुजवून घ्या: एक टन पाल्याला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. शेणखतही पूर्ण कुजलेलंच घाला, गुंठ्याला दोन ते अडीच क्विंटल. अर्धवट कुजलेल्या खतातून गाजर गवताचं बी रानात येतं.

मेथीला पाला अंथरता येत नाही. वाफा तयार करून पाणी द्या, आठ-दहा दिवसांत उगवलेलं तण वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, वरच्यावर खुरपून काढा आणि मगच बी टाका. खोल माती उलटली तर खालचं बी पुन्हा वर येतं.

करवीरच्या एका शेतकरी बंधूंनी वांग्याची पानं अचानक आकसली म्हणून कळवलं आहे, शेजारी ऊस आहे. उसाच्या बाजूची सगळी झाडं एकदमच बिघडली असतील, पानं अरुंद होऊन शिरा समांतर दिसत असतील, तर उसातल्या टू-फोर-डी तणनाशकाचा उडता फवारा लागला असण्याची शक्यता जास्त. विषाणू रोग बहुधा इथं एक, तिथं एक असा झाडं धरतो. शेजाऱ्यांशी बोलून वारा पडलेला असताना फवारायला सांगा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. त्याच पंपानं भाजीवर औषध मारलं, तर पंप धुतलेला असला तरी पानं आकसू शकतात.

ताई, तपासणीचा कागद आला की तो घेऊन गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. किती जिप्सम, की अजिबात नको, हे त्यातल्या आकड्यांवरून ठरेल.