सातवीतली मुलगी घेऊन न्यू जर्सीला येताय, तर हे वाचा

कंपनी एच-1बीवर (नोकरीच्या व्हिसावर) न्यू जर्सीला पाठवतेय, मुलगी सातवीत आहे, शाळा कशा आहेत, असं विचारलंत ना दादा, ते वाचलं आणि रात्री झोपच आली नाही. लसींचं कार्ड, घराचं ॲग्रीमेंट वगैरे शाळेच्या साइटवर मिळेल, ते सोडते.

नाव घालताना एक फॉर्म देतात, घरी कुठली भाषा बोलता. आम्ही मराठी लिहिलं, खरं तेच लिहिलं. झालं, पुण्यात पहिल्यापासून इंग्लिश मीडियमला शिकलेल्या माझ्या लेकीची इंग्रजीची परीक्षा घेतली, नवीन देश, पोरगी बावरलेली, धड बोललीच नाही, मग ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांचा वर्ग लागला आणि त्याचा तास नेमका ॲडव्हान्स्ड मॅथच्या वेळेला. म्हणजे गणितात साधा वर्ग. इथे आठवीत अल्जिब्रा वन झालं की पुढे जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस करत बारावीत कॅल्क्युलस घेता येतं, एक पायरी हुकली की उन्हाळ्यात जादा कोर्स नाहीतर कॅल्क्युलस राहिलंच. काउन्सेलरला मेलवर मेल केले, उत्तर अगदी गोड यायचं, वर्ग काही बदलायचा नाही. अजून राग जात नाही माझा. तुम्ही मराठी लिहाच, पण पहिल्याच आठवड्यात गणिताची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठला वर्ग द्यायचा ते ठरवणारी परीक्षा, लेखी मागा.

घर घेताना नुसतं शाळेचं रेटिंग बघू नका. शाळेचा बराचसा पैसा गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणून दोन शेजारच्या गावांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय कोविडनंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशभरच्या शाळांना जे सुमारे 190 अब्ज डॉलर दिले त्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली, आणि त्या पैशातून घेतलेले ट्यूटर, काउन्सेलर किती ठिकाणी कमी झाले. त्या गावच्या स्कूल बोर्डाचं यंदाचं बजेट ऑनलाइन असतं, ते वाचा.

एकटेपणाचं लोक फार सांगतात. इथल्या एडिसन गावात पोळ्यासुद्धा मिळतात, मंडळाचा गणपती असतो, निभतं ते.

मला खातं ते वेगळंच. मुलगी आता कॉलेजात आहे, एच-4वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर. कॉलेजच्या खर्चाला केंद्र सरकारची (फेडरल) मदत तिला नाही, राज्यातल्या मुलांची कमी फी लागेल की नाही ते राज्याराज्यावर, आणि एकवीस पूर्ण झाले की एच-4 संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दहा-दहा वर्षांच्या वर गेलीय, आमचा नंबर त्याआधी लागेलसं दिसत नाही, म्हणजे इथेच वाढलेल्या पोरीने परदेशी विद्यार्थिनी म्हणून एफ-1 व्हिसा घ्यायचा. ती मला विचारते, आई मी नक्की कुठली, आणि मी विषय बदलते.

तुमची आज बारा-तेराची असेल, म्हणजे हातात आठ-नऊ वर्षं. येण्याआधीच कंपनीकडून लेखी घ्या की ग्रीन कार्डचं पर्म (कंपनीने करायचा पहिला अर्ज) पहिल्या वर्षातच सुरू करणार, कारण रांगेतली तारीख तिथून लागते. आम्हाला "नंतर बघू" म्हणाले होते, त्यात तीन वर्षं गेली.