जुन्या पद्मिनीची रेस उतरत नाही, स्लो कसा लावावा?

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी आपल्या प्रीमियर पद्मिनीची रेस चढलेलीच राहते, असे आपण लिहिले आहे. तेव्हा कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी लिंकेज (पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतची रॉडची जोडणी) तपासावे. इंजिन बंद ठेवून पेडलकडून येणारा रॉड सोडवावा आणि थ्रॉटलचा (कार्बोरेटरमधील रेस कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) लिव्हर हाताने उघडून सोडल्यावर तो टक् करून स्लोच्या (पाय काढल्यावर इंजिनचा वेग ठरवणाऱ्या) स्क्रूवर टेकतो का, हे पाहावे. टेकत असेल तर दोष बहुधा रॉडच्या सांध्यांत असतो, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात ते गंजून किती जड होतात हे मी स्वतः अनुभवले आहे. सांधे साफ करून तेल द्यावे व रॉड जोडताना लिव्हरला मिलिमीटरभर मोकळीक ठेवावी.

मग मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन (आवळल्यास त्याचे टोक बिघडते) दीड फेरा बाहेर काढावा. इंजिन चांगले गरम झाल्यावर, चोक न ओढता व एअर फिल्टर जागेवर ठेवून, स्लोच्या स्क्रूने स्लो मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर आणावा आणि इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे मिक्श्चर थांबवावे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असून हवा विरळ असल्याने, गोव्यात लावून चोर्ला घाटाने वर आणलेल्या गाडीचे मिक्श्चर इथे किंचित रिच (पेट्रोल जास्त) ठरते. तो स्क्रू थोडा आत घ्यावा लागतो.