दिवाळीत खानापूरला कॅमेरा घेऊन येताय? धरणं सोडा, भाताची खाचरं धरा

ताई, तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. दिवाळीत आठवडाभर माहेरी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला येताय. हातात सेकंडहँड १५०-६०० लेन्स आहे. स्थलांतरित पक्षी आणि शरदातले रंग टिपायचेत. यादीत राकसकोप, हिडकल आणि सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ ही तीन धरणं आहेत. शिवाय सेटिंग काय ठेवू आणि १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, पक्षी १.४ पट मोठा दाखवणारं भिंग) घेऊ का, हे दोन प्रश्न.

यादीतली तिन्ही धरणं खोडा. धरणं वाईट नाहीत, वेळ चुकीची आहे. पावसाळा बरा झाला असेल तर ऑक्टोबरअखेर ती भरलेली असतात. पाणी गवताला टेकलं की काठाला चिखलाची पट्टीच उरत नाही. तुतवार, चिखले, शेकाटे या मंडळींना घोट्याएवढं पाणी आणि मऊ चिखल लागतो, तो पाण्याखाली गेलेला असतो. बदकं आलेली असतात, पण ती पार मधोमध. ६०० वरसुद्धा ठिपके मिळतील, आणि ते ठिपके घरी जाऊन क्रॉप करत बसण्यात काही मजा नाही. शेतीला पाणी सुटून धरण उतरू लागलं की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीपासून, याच जागा सोन्यासारख्या होतात. तेव्हा परत या.

दिवाळीत पक्षी कुठे आहेत हे विचारण्यापेक्षा पाणी कुठं उतरतंय ते विचारा. आणि खानापूर तालुक्यात त्या दिवसांत पाणी उतरत असतं ते भाताच्या खाचरांतून.

सुगीचा क्रम तुम्ही लहानपणी पाहिलाच असेल, आता तो पक्ष्यांच्या नजरेनं बघा. कापणीच्या थोडं आधी शेतकरी बांध फोडून खाचरातलं पाणी सोडतो. पाणी जातं तसे बारके मासे, खेकडे, बेडूक कोपऱ्यातल्या खळग्यांत अडकतात. तिथं वंचक आणि बगळे उभे असतात, आणि नशीब असेल तर कांडेसर. काळी पाठ, पांढरी लोकरी मान, आणि माणसाची फारशी पत्रास न ठेवणारा संथ पक्षी. पुढचा टप्पा कापणीचा. विळे चालू झाले की लपलेले किडे उडतात, आणि वेडे राघू व कोतवाल आजूबाजूच्या काठ्यांवर, तारांवर येऊन बसतात. शेवटचा टप्पा मोकळ्या झालेल्या शेताचा. धसकटांत उंदीर उघडे पडतात आणि वर कापशी ही छोटी शिकारी घार एकाच जागी पंख फडफडवत लटकते. खरूची हा छोटा ससाणाही तसंच करतो, पण तो बहुतेक पाहुणा असतो, आपल्याकडे थंडीपुरता येतो. तीन टप्पे, तीन वेगळ्या जातीचे फोटो, आणि गावाच्या एका शिवारात तिन्ही एकाच सकाळी मिळू शकतात, कारण सगळ्यांची कापणी एका दिवशी होत नाही.

बसायचं कुठं, तर सकाळी शेताच्या पूर्वेच्या बांधावर, तोंड पश्चिमेला. ऊन पाठीवर, पक्षी उजेडात. बांधावर बसण्याआधी “मामा, जरा बसू काय हितं?” एवढं विचारलं की काम झालं. बहुतेक वेळा मामाच सांगतात की काल संध्याकाळी कुठल्या खाचरात काय उतरलं होतं. त्यांचा कापणीचा एखादा चांगला फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, पुढच्या वर्षी चहा नक्की. मात्र कापलेल्या भाताच्या पेंढ्यांवर बसू नका, आणि पेंढी उचलून बाजूलाही ठेवू नका. त्या दिवसांत घोणस उंदरांच्या मागं शेतातच असते. पायात बूट हवेत, चप्पल नको. अंधारात बांधावरून चालताना टॉर्च हवाच.

ट्रायपॉड घरी ठेवा. जुन्या पँटचा एक पाय कापून दोन्ही बाजूंनी शिवा आणि आत ज्वारी भरा. भाताचा कोंडा हलका पडतो, लेन्स डुगडुगते. ही उशी बांधावर ठेवून लेन्स तिच्यावर टेका आणि पोटावर आडवं व्हा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेला फोटो आणि उभं राहून वरून घेतलेला फोटो यात जेवढा फरक पडतो, तेवढा दोन लेन्समध्येही पडत नाही. मागचं शेत आपोआप धूसर होतं, त्यासाठी महागड्या लेन्सची गरज राहत नाही.

आता सेटिंग. शटर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल, आयएसओ ऑटो. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/८००, उडणाऱ्याला १/२००० आणि त्याच्या वर. ६०० ला तुमची लेन्स एफ ६.३ वर उघडते. उजेड पुरेसा असेल तर एफ ८ करा, या प्रकारच्या बहुतेक लेन्स तिथं जास्त रेखीव फोटो देतात. पांढरा बगळा काळ्या चिखलावर असेल तर एक्स्पोजर -०.७ ते -१, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. उलट उजळ आकाशासमोरच्या कापशीला +१. हे आकडे पाठ करण्यापेक्षा हायलाइट अलर्ट (फोटोतला जास्त पांढरा झालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू ठेवा आणि पहिले दोन फोटो बघून दुरुस्त करा.

उजेडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण “लेन्स खराब निघाली” म्हणून इथं दरवर्षी कोणीतरी येतं आणि लेन्स बरीच असते. पावसानं हवेतली धूळ धुतलेली असते, त्यामुळे ऑक्टोबरचं ऊन फार स्वच्छ आणि फार कडक. ऑक्टोबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण ६.२५ ला उगवतो. खानापुरात मलप्रभेच्या बाजूला धुकं असलं तर उजेडाला आणखी वेळ लागतो. मग कामाचे दोन-अडीच तास. साडेनऊ-दहानंतर ओली जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते, आणि लांबचा पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसला तरी फोटोत मऊ येतो. शटर कितीही वाढवा, फोकस कितीही बदला, फरक पडत नाही. उपाय दोनच: जवळ जा, किंवा कॅमेरा बॅगेत घाला आणि न्याहारीला जा. लेन्सची परीक्षा घ्यायची असेल तर सकाळी सातला, पंधरा-वीस फुटांवरच्या पक्ष्यावर घ्या.

धुक्याला मात्र कंटाळू नका. असोग्याला मलप्रभेच्या पात्रातल्या खडकांवर करडा धोबी शेपटी हलवत फिरत असतो. हे पाहुणे सप्टेंबरातच येऊन दाखल होतात. धुकं, ओला खडक आणि त्यावर पोटाशी पिवळा असलेला एवढासा जीव, यात ६०० ची गरज नाही. ३०० वर या, खडक आणि पाणी फोटोत येऊ द्या. तुमच्या प्रश्नात सगळा भर पक्षी मोठा दिसण्यावर आहे. पक्षी लहान आणि जागा मोठी असे फोटोही काढा, माहेरची जागा त्यातच दिसेल.

स्थलांतरित बदकांविषयी एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर निराशा होईल. पुस्तकात थापट्याचा नर हिरव्या डोक्याचा, भुवई बदकाच्या नराला पांढरी ठसठशीत भुवई. दिवाळीत यांपैकी बरंच काही दिसणार नाही. विणीनंतर बदकांचे नर भडक पिसारा टाकतात आणि काही महिने मादीसारखे तपकिरी राहतात. आपल्याकडे पोचतात ते याच वेषात. थापट्या थंडीत हळूहळू रंगात येतो, भुवई बदकाचा नर तर त्याहून उशिरा. त्यामुळं गावतळ्यावर “सगळ्या माद्याच आल्यात” असं वाटलं तर तसं नसतं. उडताना फोटो घ्या: भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी असतो, तो या वेषातही लपत नाही. थापट्या चोचीवरून कुठंही ओळखू येतो, तिथं रंगाची गरजच नाही.

रंगांचं म्हणाल तर लाल-केशरी पानगळ डोक्यातून काढून टाका. आपली झाडं पानं टाकतात ती फेब्रुवारी-मार्चकडे, आणि लाल पालवी बघायची तर कुसुंबाची, तीही तेव्हाच. दिवाळीतले आपले रंग म्हणजे पिकलेलं भात आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या माळांवरचं पिवळं पडू लागलेलं गवत. सोनकीचा बहर बहुतेक ओसरलेला असतो, कडेकपारीला थोडी सापडेल. फुलपाखरं मात्र भरात असतात. खुळखुळ्याची झुडपं शोधा. ब्लू टायगर आणि कॉमन क्रो त्यांच्यावर घोळक्यानं चिकटलेली सापडतात, जवळ गेलं तरी लवकर उठत नाहीत. १५०-६०० दोन-तीन मीटरवरून फोकस करते, तेवढ्यावर फुलपाखरू छान भरतं. रस्त्याकडेच्या झाडांमधल्या मोठ्या सोनेरी जाळ्याही सोडू नका. जायंट वुड स्पायडरची तळहाताएवढी मादी मध्ये बसलेली असते आणि तिच्या शेजारी नखाएवढा नर. दवानं भिजलेली जाळी आणि मागून येणारं ऊन, असा एक फोटो घेऊनच घरी जा.

पूर्वेकडे एक दिवस काढा. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस आणि अथणीकडे जेमतेम पाचशे-सहाशे. गाडीनं दोन तास पूर्वेला गेलं की पक्षीच बदलतात. बैलहोंगल-सौंदत्ती रस्त्याच्या तारांवर नीलपंख बसलेले दिसतील. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा नीलकंठ, आणि कर्नाटकाचा राज्यपक्षीही. बसलेला असताना तपकिरी, मळकट वाटतो. निळाई सगळी पंखांत आहे, म्हणजे उडतानाच फोटो हवा. तो भक्ष्य पकडून बऱ्याचदा त्याच तारेवर परततो. शिवाय उडण्याआधी पुष्कळदा पुढं वाकतो आणि शिटतो, ती खूण समजा आणि बटण दाबून ठेवा. गाडीतून उतरू नका, इंजिन बंद करून काच खाली घ्या आणि ज्वारीची उशी खिडकीवर ठेवा. गाडी ओळखीची असते, उतरलेला माणूस नसतो.

त्याच दिवशी वेळ उरला तर गोकाक तालुक्यात धुपदाळचा बंधारा बघा, घटप्रभा पक्षी अभयारण्याचा भाग. मोठ्या धरणांबद्दल वर जे म्हटलं त्याला हा अपवाद आहे, कारण बंधाऱ्यामागचं पाणी उथळ आहे आणि मध्ये बेटं आहेत. चित्रबलाक आणि शराटी यांची आशा ठेवा. कांड्या करकोच्यांसाठी हे अभयारण्य प्रसिद्ध आहे, पण ते थंडी पडल्यावर. दिवाळीत ते दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. त्या भागात गावांत कन्नड जास्त चालते. “हक्की” म्हणजे पक्षी आणि “केरे” म्हणजे तळं, एवढ्यावर माझं निभावतं. बाकी हातवारे.

जंगलाचा मोह होईलच. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका, आणि “ओळखीचा माणूस नेतो म्हणाला” हे कारण चालत नाही. अस्वलं आहेत, गवे आहेत. चोर्ल्याच्या रस्त्यावरून पहाटे जाणार असाल तर गाडीतच राहा. धनेश आणि जंगलातले लाजरे पक्षी जवळून हवे असतील तर दांडेलीच्या पुढं गणेशगुडीला ओल्ड मॅगझिन हाऊस ही मुक्कामाची जागा आहे. तिथं पक्ष्यांच्या पाणवठ्यांसमोर बसायची सोय आहे. कमी उजेडात बसावं लागतं, आयएसओ ३२००-६४०० ला जाईल, जाऊ द्या. दिवाळीत जागा मिळणं अवघड, आजच फोन करा. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे लोक तिथंही भेटतील आणि गावातही. तुम्ही ते करू नका. परदेशातून दमून आलेल्या किंवा पुढं जाण्याआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागं पळवण्यात काय हशील?

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली दिसतील, त्यांतल्या काहींत दिवाळीपर्यंतही पिल्लं असू शकतात. लांबूनच घ्या. आडवी येणारी फांदी मोडू नका, त्या फांदीमुळंच कावळ्याला घरटं दिसत नसतं. फोटो टाकताना गाव लिहा, विहीर लिहू नका.

राहिला टेलिकन्व्हर्टर. नको. एफ ६.३ ची लेन्स त्याच्यावर एफ ९ होते, बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस सकाळच्या उजेडात तिथं चाचपडतो, आणि हवेची थरथर १.४ पटीनं मोठी होऊन दिसते. ते पैसे चांगल्या बुटांवर आणि गणेशगुडीच्या एका मुक्कामावर घाला. उरले तर बेळगावहून कुंदा न्या, पुण्यातल्या शेजाऱ्यांना.