दोनच टायर बदलू नका, भाऊ

तुम्ही वणीकडचे, हातात नुकतीच आलेली जुनी व्होल्वो एस ६० क्रॉस कंट्री, आणि प्रश्न तीन: पुढचे दोनच टायर झिजलेत तर दोनच बदलले तर चालतील का, गाडी इंचभर उचलावी का, आणि रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, ताकद वाढवावी का. माझ्याकडे हीच डिझेल गाडी आहे. मी वरुडकडचा, संत्र्याची बाग आहे, म्हणजे डांबरी संपून पांदण सुरू होते तिथं रोजचं जाणं-येणं. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही'. पहिल्याचं उत्तर लांब आहे, कारण ती चूक मी करून बसलोय.

एका गिट्टीच्या रस्त्यावर पुढचा टायर बाजूनं फाटला. टायरवाला म्हणाला, पुढं दोन नवे टाका, मागचे अजून वर्षभर जातात. मला पटलं. साध्या गाडीला ते चालूनही जातं. पण आपली गाडी चारही चाकांनी ओढणारी: पुढची चाकं कायम ओढतात आणि मागच्यांना ताकद जाते ती मागच्या डिफरेन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी बसवलेल्या हॅल्डेक्स कपलिंगमधून. त्यात तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांची चळत असते. छोटा विजेचा पंप दाब देतो, प्लेटा आवळल्या की मागची चाकं कामाला लागतात. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरली, की तो फरक या प्लेटांनाच घासून घ्यावा लागतो.

आता हिशोब करा. २३५/५० आर १८ नव्या टायरचा घेर साधारण २१७ सेंटिमीटर. नवी नक्षी ८ मिलिमीटर धरा, झिजलेली ३. ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात ३ सेंटिमीटर, आणि दर किलोमीटरला मागचं चाक सहा-सात फेरे जास्त मारतं. नागपूरला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर धरले तर तेराशेच्या आसपास फेरे! काही महिन्यांनी अंगणात गाडी वळवताना मागून कोणी धरून ठेवल्यासारखी अडखळायला लागली. तेल काढलं तर काजळीसारखं काळं. बिल पाच आकडी झालं, आणि शेवटी चारही टायर घ्यावे लागले ते लागलेच.

म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी. दर आठ-दहा हजाराला पुढचे मागं, मागचे पुढं. पुढचे लवकर झिजतात, ते बरोबरीनं झिजवणं हेच खरं मेंटेनन्स. बारीक स्टेपनी लावली तर ८० च्या वर जाऊ नका आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबा.

जुनी गाडी घेतलीत, तर आधीच्या मालकानं कपलिंगचं तेल कधी बदललं ते विचारा. उत्तर येणार नाही, म्हणून बदलूनच टाका. मी तीन वर्षांनी बदलतो. नुसतं तेल बदलून गाडी परत देणारे लय आहेत. पंप काढून त्याची बारीक जाळी धुवायला सांगा, डोळ्यांसमोर. क्लचचा गाळ तिथंच साचतो आणि पंप त्यावर जोर लावून जळतो.

उंचीचं म्हणाल तर २०१ मिलिमीटर कंपनीनंच दिलीय. एवढी सेडानमध्ये कुठं मिळते? वर स्पेसर, म्हणजे उंची वाढवायचे ठोकळे, टाकले की एक्सलचे कोन बिघडतात आणि त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात. त्यातून आपली काळी माती: पावसात ती नक्षीत भरते, टायर गुळगुळीत गोटा होतो, मग चार चाकं ओढोत की आठ. गाऱ्यात मी वावराच्या तोंडाशी गाडी ठेवून पायी जातो. बाहेर आलात की रिमच्या आतली माती पाण्यानं काढा. ती वाळून एका बाजूला चिकटली, की १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच अलाइनमेंटवर पैसे घालतो. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. इंजिननं एकदा पाणी ओढलं, की चार चाकांचा काय उपयोग?

रीमॅपबद्दल एवढंच की डिझेलला ४२० न्यूटन मीटर टॉर्क आहे, तूर-सोयाबीनची पोती डिकीत घालूनही कमी पडला नाही. ते पैसे इंजिनाखालच्या जाड गार्डला आणि चांगल्या एजीएम बॅटरीला लावा. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, गाडीत साधी स्वस्त बॅटरी टाकू नका, आपला ४५ अंशांचा मे महिना तिला फार दिवस जगू देत नाही. गाडी धान्याच्या कोठाराशेजारी उभी करत असाल तर बॉनेट रोज उघडून ठोका, उंदीर वायरी कुरतडतात.

बंद पडली तर सपाट प्लॅटफॉर्मच्या गाडीवरच न्यायची, दोन चाकं उचलून ओढत नाही. गाऱ्यात फसली तर ट्रॅक्टर येणारच, आपल्याकडे दुसरं काय येतं! फक्त डिकीतलं ओढायचं हुक आधी बंपरमध्ये पूर्ण पिळून बसवा, नाहीतर ट्रॅक्टरवाला साखळी हाती लागेल त्या दांडीला बांधून मोकळा होतो.